छर्ऱ्याचं मशीन

आई गेली ती भातकापणीच्या दिवसांत. त्यानंतर आबांनी बोलणं सोडलं. अगदी मुके झाले असं नाही. जेवलात का विचारलं तर "व्हय" म्हणायचे, कुठे दुखतंय का विचारलं तर "न्हाई" म्हणायचे. त्यापलीकडे काही नाही. आमचं गाव आंदर मावळात आणि मी तळेगावच्या एका शाळेत शिकवते. शनिवारी दुपारच्या एसटीने गावी जायचे, रविवारी संध्याकाळच्या गाडीने परतायचे. त्या मधल्या वेळात मी शाळेतलं, भाजीबाजारातलं, काहीबाही बोलत राहायचे आणि आबा पडवीत मशीनला पाठ टेकून समोरच्या खाचरांकडे बघत बसायचे. शेजारी राहणारी चुलत वहिनी दोन वेळा ताट आणून ठेवायची. ते अर्धंअधिक तसंच परत जायचं.

"तुझ्या बापाला माझ्या हातचं गोड लागंना बघ," वहिनी म्हणायची. तिला राग नव्हता, काळजी होती. आबांच्या सदऱ्याची गळपट्टी दर आठवड्याला मला जास्त सैल वाटायची.

हे मशीन म्हणजे पिनबॉल. आबा लोणावळ्याच्या एका हॉटेलात कामाला होते. लागले भांडी घासायला, पण पुढे मालकांनी त्यांना पाहुण्यांच्या खेळायच्या खोलीत ठेवलं. तिथे कॅरम होता, टेबल टेनिस होतं आणि कोपऱ्यात हे उभं होतं. चार पायांवर उतरतं टेबल, त्यावर काच. उजवीकडची दांडी ओढून सोडली की पोलादी छर्रा सुटतो, वर जातो, घंटांना आपटत खाली येतो. खाली दोन छोटी पाती असतात. दोन्ही कडांची बटणं दाबून त्या पात्यांनी छर्रा पुन्हा वर उडवायचा. समोर उभ्या काचेवर झोपाळ्यावरून झेपावणारी सर्कशीतली बाई रंगवलेली आणि तिच्या पायांखाली आकड्यांची चाकं फिरायची. आमच्या गावात कुणी पिनबॉल म्हणत नाही. छर्ऱ्याचं मशीन म्हणतात.

ते सांभाळणं हे आबांचं काम. अडकलेला छर्रा सोडवायचा, बल्ब बदलायचा, काच पुसायची, मुंबईहून आलेल्या मुलांना खेळ शिकवायचा. या कामावर आमचं घर चाललं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी पदवी घेतली तेव्हा आईने पेढा आधी देवापुढे आणि मग या मशीनपुढे ठेवला होता, आणि मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. आजही वाटत नाही. पुढे हॉटेल दुसऱ्यांनी घेतलं, खेळायची खोली पाडून तिथे पोहण्याचा तलाव केला. जुने मालक आबांना म्हणाले, "भंगारात जाण्यापेक्षा तू घेऊन जा." आबांनी ते पेंढ्यात बांधून टेम्पोने गावी आणलं. काही वर्षं ते पडवीत चाललं. सणासुदीला पोरंटोरं, म्हातारे, माहेरवाशिणी सगळ्यांनी त्यावर हात मारला. मग एका थंडीत ते बंद पडलं, ते पडलंच.

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी पडवी झाडत होते. झाडताना माझा धक्का मशीनला लागला आणि आतला छर्रा कुठेतरी गडगडत गेला. आबांनी मान वळवली. एवढंच. पण कितीतरी महिन्यांत त्यांनी कशाकडे अशी मान वळवली नव्हती. मी ठरवलं, हे दुरुस्त करायचं. ते चाललं तर आबा उठतील, बटणांवर हात ठेवतील, बोलतील. मला तेव्हा हे इतकं सरळ वाटलं होतं.

दुरुस्त करणारा शोधायचा कुठे, हा प्रश्न होता. लोणावळ्याच्या बाजारात टीव्ही आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे. मी मोबाइलवर काढलेले फोटो त्याला दाखवले. तो गिऱ्हाइकाचा मिक्सर उघडून बसला होता.

"बोर्ड काढून आणा," तो म्हणाला.

"बोर्ड दिसत नाही कुठे. नुसत्या वायरी आहेत."

"बोर्ड नाही असं मशीन नसतं, मॅडम."

उभ्या काचेमागची फळी काढून घेतलेला फोटो मी दाखवला. त्याने तो मोठा करून पाहिला, मग बायकोला बोलावून दाखवला. "बघ, आपल्या लग्नातल्या शिवणकामाच्या डब्यात असाच गुंता होता ना?" बायको हसली आणि चहा सांगते म्हणाली. माणूस चांगला होता. पण आपल्याला जमणार नाही हे त्याने तिथल्या तिथे सांगितलं.

मग इंटरनेटवरून पुण्यातला एक जण सापडला. जुनी मशीनं कॅफेंसाठी सजवून देतो, असं त्याने लिहिलं होतं. मी फोन केल्यावर तो लगेच यायला तयार झाला. आमच्या गावापर्यंत कुणी आपणहून गाडी घेऊन येतंय याचंच मला इतकं अप्रूप वाटलं, की वहिनीला सांगून पुरणपोळी करायला लावली. तो आला, मशीनभोवती फिरला, वाकून पायांखाली बघितलं, सर्कशीतल्या बाईच्या काचेवर बोट फिरवलं.

"पीस एक नंबर आहे," तो म्हणाला. "काच फुटली नाही हे महत्त्वाचं. आतलं सगळं काढून टाकू. एक टीव्ही बसवू आडवा, त्यात गेम टाकू. सेम टू सेम दिसेल."

"आणि छर्रा?"

"छर्रा स्क्रीनवर असतो. आवाज स्पीकरमधून. मेंटेनन्स झीरो. किंवा मग मलाच विकून टाका, मी आजच टेम्पो बोलावतो."

आबा तिथेच बसलेले होते. ते उठले, सावकाश मशीनपाशी आले आणि काचेवर दोन्ही तळवे ठेवून उभे राहिले. तो माणूस मला म्हणाला, "बाबांची इच्छा दिसत नाही." पुरणपोळी खाऊन गेला. मला मात्र त्या दिवशी बरं वाटलं. आबा उठले होते, आपल्या पायांनी चालत आले होते.

दुसरं कुणी सुचेना, म्हणून पुन्हा लोणावळ्याच्या त्याच दुकानात गेले. तो टीव्हीवाला म्हणाला, "मी तुमचा फोटो विसरलो नाही हां. माझ्या मेहुण्याला दाखवला. तो म्हणे आत जे चौकोनी आहेत ते रिले आहेत, विजेवर आपोआप उघडमीट करणारे खटके. असले रिले जुन्या सिग्नलला असायचे. रेल्वेतला माणूस बघा." आणि त्यानेच मला पत्ता दिला. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. लोणावळ्यातच, चढावरच्या एका बैठ्या घरात राहायचे.

काका दारातच म्हणाले, "रेल्वेचं मशीन असेल तर हात लावणार नाही. कंटाळलोय."

"खेळायचं आहे, काका."

"खेळायचं?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मग आधी का नाही आलात?"

त्यांना स्टँडवर जाऊन सकाळच्या पहिल्या एसटीने येववेना, म्हणून मी एका ओळखीच्या रिक्षावाल्याला सांगितलं. रविवारी सकाळी काका आले ते हत्यारांची पिशवी आणि घरून आणलेली पोळीभाजी घेऊन. आबांना बघून म्हणाले, "राम राम भाऊ. तुमचा पेशंट बघायला आलोय." आबांनी हात जोडले.

काकांनी काच सरकवून काढली. मग टेबलाचा तो खेळायचा फळा गाडीच्या बॉनेटसारखा वर उचलून टेकवला आणि आत बॅटरी मारली. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. मग म्हणाले, "मॅडम, हे मशीन आहे की देव्हारा?"

मी वाकून पाहिलं. आत सगळीकडे कुंकू होतं. वायरींवर, कॉइलींवर, त्या चौकोनी रिलेंच्या पातळ पत्र्यांमध्ये हळदकुंकवाची तेलकट, काळपट लाल पुटं चढली होती. तांदळाचे दाणे होते. झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या होत्या. तळाशी एका कोपऱ्यात काहीतरी काळं, दगडासारखं झालेलं होतं. काकांनी ते स्क्रूड्रायव्हरने उकरून वास घेतला. "गूळखोबरं," ते म्हणाले. त्याच्याभोवती उंदराच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरींचा भुगा होता.

आमच्याकडे खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नांगर, कोयता, विळा, गाडी, ज्याच्यावर पोट चालतं त्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. आबा हॉटेलात होते तेव्हापासून आई दर खंडेनवमीला या मशीनची पूजा करायची. त्या दिवशी ती आणि मी एसटीने लोणावळ्याला जायचो. ती ताम्हण घेऊन खेळायच्या खोलीत शिरली की हॉटेलातली पोरं हसायची, पण मालकांनी कधी अडवलं नाही. ती आबांना काच काढायला लावायची. फुलाने पाणी शिंपडायची, प्रत्येक घंटेला, प्रत्येक भोकाच्या कडेला हळदकुंकू लावायची, अक्षता टाकायची. मग नाणी टाकायच्या फटीखालचं दार उघडायला लावायची आणि गूळखोबऱ्याचा नैवेद्य हाताने आत सारायची. "नुसतं वरून कुंकू लावून काय व्हतंय?" ती म्हणायची. "आपलं पोट भरतंय ना त्ये? मग त्याच्या पोटात नको का जायला?" मला ते ऐकून हसू यायचं आणि आवडायचंही. आत विजेचं काही असतं, तिथे पाणी आणि गूळ जायला नको, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याही मनात कधी आलं नाही. इतकी वर्षं सगळ्यांसमोर चाललेली गोष्ट होती ती.

काका हसतच होते. "कुणाचं काम हे?"

आणि आबा बोलले. "तिचं," म्हणाले. "ही करायची. दरसाल."

"आणि तुम्ही शेजारी उभे?"

"व्हय."

"अहो भाऊ, तुमचं काम होतं ते. पाणी आत गेलं की कॉन्टॅक्ट जातो, तांदूळ ठेवले की उंदीर येतो, एवढं तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाव व्हतं."

काकांचं हसू थांबलं. मी फळ्याची कड धरून उभी होते, ती तशीच धरून राहिले.

"हाटेलात असताना मी दुसऱ्या दिशी सकाळच्याला जायचो," आबा म्हणाले. आवाज बसला होता, मध्येच फुटत होता. "सोनं वाटायच्या आधी. समदं पुसून काढायचो. इस्पिरिट असायचं, कापूस असायचा. गूळ काढायचो. तिला कशाला सांगायचं? लय मनापासून करायची. हितं आणल्यावर बी ती कापणीला गेली का मी उघडायचो. मग डोळ्याला दिसंना. हात कापाय लागला. बारकं काम व्हईना." त्यांनी तळवा सदऱ्याला पुसला. "त्यात त्या साली भावकीत मयत झालं. नेमकं नवरात्रात. सुतक. पूजा ऱ्हायली."

ते साल मला आठवत होतं. त्याच थंडीत मशीन बंद पडलं होतं. आणि आई म्हणाली होती, माझी पूजा चुकली म्हणून ते बसलं. तिने तेव्हापासून खंडेनवमीचा उपास धरला. बंद मशीनची पूजा आधीपेक्षा जास्त करू लागली. नैवेद्य वाढवला. दर वर्षी पूजा झाल्यावर ती आबांना विचारायची, "बघा की एकदा, चालतंय का?" आबा बटण दाबून दाखवायचे. काही व्हायचं नाही. "मीच चुकले," ती म्हणायची आणि ताम्हण उचलून आत जायची. मी हे कितीतरी वेळा पाहिलं होतं. मला वाटायचं, बायामाणसांचं बोलणं आहे, होईल हळूहळू कमी.

"तिला वाटायचं तिच्यापायी बंद पडलं," आबा म्हणाले. "पूजा न्हाई केली म्हणून. मी म्हनलो आसतो, न्हाई गं, तसं न्हाई. पन मग तिनं इचारलं आसतं, मंग कशानं? तवा काय सांगनार व्हतो?"

काकांनी बॅटरी बंद केली. म्हणाले, "भाऊ, पाणी प्या."

"ती दवाखान्यात व्हती ना, तवा बी म्हनली. औंदा पूजा जोरात करू. चालंल म्हनली."

मी आत जाऊन तांब्या आणला. आबा पाणी प्यायले आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसले. या वेळी मशीनला पाठ न लावता, त्याच्याकडे तोंड करून.

काकांनी मला अंगणात नेलं. "मॅडम, सरळ विचारतो. साफ करायला घेतलं तर हे सगळं खरवडून काढावं लागेल. करायचं का?"

तिच्या हातचं घरात आता काय उरलं होतं? दोन लुगडी, एक डबा, आणि हे. मी आबांना विचारलं. ते म्हणाले, "करा साफ. बिघडल्यालं ऱ्हाऊ देऊ नगा."

त्यानंतर काका कितीतरी रविवार येत राहिले. पावसाळा सुरू झाला, खाचरं भरली, रिक्षा गावाच्या अलीकडच्या ओढ्याशी थांबायची आणि काका छत्री धरून चालत यायचे. एकेक रिले उघडायचे, पातळ कानशीने घासायचे, स्पिरिटने पुसायचे. आबा शेजारी बसून कापसाचे बोळे करून द्यायचे. काका आपल्या नोकरीतल्या गोष्टी सांगायचे, घाटात धुकं दाटलं की सिग्नलच्या खांबावर कसं चढायचे, साहेब खालून कसा ओरडायचा. एकदा तर चुकीची वायर जोडून बसले आणि घंटा थांबेचना. तेव्हा आबा किंचित हसले होते. मी ते हसू धरून आठवडाभर शाळेत गेले.

कुरतडलेल्या वायरी काकांनी बदलल्या. एक कॉइल मिळेना, तेव्हा कुणा जुन्या सहकाऱ्याकडून तार आणून स्वतः गुंडाळली. पैसे घेतले ते फक्त सामानाचे. त्यांचे उपकार मी कधी फेडू शकेन असं मला वाटत नाही. आणि मग एका दुपारी ते म्हणाले, "भाऊ, या. उद्घाटन करा."

दिवे लागले. झोपाळ्यावरची बाई उजळली. आकड्यांची चाकं खडखडत शून्यावर आली. तो आवाज ऐकून वहिनी पीठ लागलेल्या हातांनी धावत आली, मागून शेजारचे आले. "आरं चाललं की!" कुणीतरी ओरडलं. मी आबांचा हात धरून त्यांना पुढे आणलं. त्यांनी दांडी ओढली. छर्रा सुटला, वर गेला, एकामागून एक घंटा वाजल्या. सगळे बघत होते. छर्रा खाली यायला लागला आणि आबांनी बटणं दाबलीच नाहीत. त्यांचे हात कडांवर होते, बोटं बटणांवर होती. छर्रा दोन पात्यांच्या मधून सरळ आत गेला.

"आबा, दाबा ना," मी म्हणाले.

ते वहिनीकडे वळून म्हणाले, "मी तिला सांगाया पायजे व्हतं."

वहिनीला काही कळलं नाही. "काय सांगायला, मामंजी?"

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. पाणी, गूळ, उंदीर, सुतक, आईचा उपास. लोक ऐकत उभे राहिले. मशीन चालूच होतं, दिवे लुकलुकत होते. सांगून झाल्यावर ते बसले. काकांनी वाकून बटण बंद केलं.

मला आबांचं बोलणं हवं होतं, ते मिळालं. ते आता बोलतात. पण बोलतात ते एवढंच. पोस्टमन आला की त्याला सांगतात, दुधाला येणाऱ्या बाईला सांगतात, माझ्या शाळेतल्या मैत्रिणी त्यांना भेटायला आल्या तेव्हा त्यांनाही सांगितलं. तीच हकीकत, त्याच क्रमाने, आणि शेवटी तेच की मी तिला सांगायला हवं होतं. पहिल्यांदा ऐकणारे डोळे पुसतात. गावातले आता मान हलवून निघून जातात. मशीन उत्तम चालतं, पण त्याला कुणी हात लावत नाही. पोरांनाही मोठ्यांनी नको म्हणून सांगितलंय. ताट मात्र आताशा पूर्वीपेक्षा थोडं जास्त रिकामं होऊन परत जातं, असं वहिनी म्हणते. तेवढं खरं आहे.

गेल्या रविवारी मी निघाले तेव्हा आबा माझ्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आले. बऱ्याच दिवसांनी आले. गाडी अजून दिसत नव्हती. वारा होता, त्यांनी कानाला मफलर गुंडाळला होता.

"एक इचारू का?" ते म्हणाले. "तू शिकल्याली हाईस."

"विचारा ना."

"मी तिला सांगितलं आसतं, बाई, ह्ये आत पानी नगं, गूळ नगं. तर तिनं ऐकलं आसतं का गं?"

मी आधी एकदा त्यांना म्हणाले होते, नसतं ऐकलं, आई हट्टीच होती. तेव्हा ते दिवसभर जेवले नव्हते. म्हणाले होते, तसं बोलू नगंस तिला. म्हणून या वेळी मी खरं ते सांगितलं.

"ऐकलं असतं, आबा. हसली असती आणि ऐकलं असतं."

त्यांनी मान हलवली. घाटाच्या बाजूने एसटी वळणावर दिसली. आबांनी माझी पिशवी माझ्या हातात दिली आणि मफलरचं टोक डोळ्यांवरून फिरवलं.

"मला बी तसंच वाटतंय," ते म्हणाले. "जा तू. म्होरं जागा मिळंल."